डिपॉझिट अडकलंय, सोसायटी वर्गणी मागतेय, ऑफिसातला मित्र पार्टीला देणगी द्यायला सांगतोय: काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धायरीत दोन वर्षं टू बीएचके भाड्याने, भाडं १८,०००, डिपॉझिट ७५,०००, ॲग्रीमेंट नोटरीचं. आता नोकरी वाकडला गेली म्हणून घर सोडताय तर मालक काका रंग, साफसफाई, नळ आणि किचन ट्रॉलीचे म्हणून ४०,००० कापतो म्हणतायत. सोसायटी म्हणते शिफ्टिंग चार्ज आणि मंडळाची वर्गणी भरल्याशिवाय टेम्पो आत सोडणार नाही. ऑफिसातला मित्र सांगतोय की एका राजकीय पक्षाला देणगी दाखव, टॅक्स वाचेल आणि बरेचसे पैसे कॅशमध्ये परतही येतील. आणि शेवटी, या कटकटीपेक्षा फ्लॅटच घेऊन टाकू का?

मी सिंहगड रोड पट्ट्यात भाडेकरार आणि रिसेलचे व्यवहार बघतो, हेच काम आहे माझं, त्यामुळे सगळ्याचं उत्तर देतो पण सगळ्यात जास्त डिपॉझिटवर लिहितो कारण या शहरात बाहेरून येणाऱ्या पोरांचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडतात आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

आधी ॲग्रीमेंट. पुण्यात अजूनही सर्रास सांगतात की ११ महिन्यांचं केलं की रजिस्टर करायची गरज नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी पुरते. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५, त्यात सरळ लिहिलंय की भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स (घर ठराविक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याचा करार) लेखी पाहिजे आणि रजिस्टर्ड पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर तीन वर्षांचा. आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. केलं नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे: रजिस्टर्ड करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोपर्यंत उलटं सिद्ध होत नाही तोपर्यंत. म्हणजे नोटरीवर थांबून काकांनी स्वतःचीच बाजू लंगडी केलीय. हे त्यांना नीट, आवाज न चढवता सांगा, बऱ्याचदा एवढ्यावर आकडा खाली येतो.

आणि खर्च किती वाचवला त्यांनी? तुमच्या भाड्यावर ११ महिन्यांचे होतात १,९८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवायचं, ते साधारण सात हजार, आणि त्या एकूण रकमेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे पाचशे-सहाशे रुपये. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००, ऑनलाइनचं डॉक्युमेंट हँडलिंग ३००. दोन हजारात सरकारी काम होतं, वर एजंटची घरी येऊन थंब घ्यायची फी असते तेवढीच. मग मालक का टाळतात? काहींना भाड्याचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं नसतं. आणि पुण्यात एक खास कारण आहे, स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत. ती १९७० पासूनची, मध्ये राज्य सरकारने बंद करायला लावली, २०२३ मध्ये परत आली, पीटी-३ फॉर्म भरून घ्यावी लागते, आणि घर भाड्याने दिलं की ती लागू होत नाही. म्हणून फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे हे कागदावर येऊच नये असं काही जणांना वाटतं. तुमचं भाडं वर्षाला एक लाखाच्या वर आहे म्हणजे एचआरए क्लेम करायला मालकाचा पॅन लागतो, तिथेही हीच टाळाटाळ होते. पुढच्या घरात हे पहिल्याच दिवशी विचारा, रजिस्टर करणार का आणि पॅन देणार का, आणि दोन्हीला नाही म्हणाले तर ते घर कितीही हवेशीर असो, सोडा.

आता ते ४०,०००. मालक काय काय कापतोय त्याचा हिशोब लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल, पण खोली-खोलीचा मागा. दोन वर्षांत रंग मळणारच. वापराने होणारी झीज भाड्यातच धरलेली असते, बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये नॉर्मल वेअर अँड टेअर हे शब्द असतात, तुमच्यात आहेत का बघा. सोडताना पेंटिंगचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार असं मात्र लिहिलं असेल आणि तुम्ही सही केली असेल तर तेवढे सोडावे लागतील. भिंतीला ड्रिलची भोकं, पोरांनी रंगवलेली भिंत, फुटलेलं बेसिन, हे तुमच्याकडे लागतं, त्यात वाद घालू नका.

नळांचं सांगतो, कारण धायरी-नऱ्हे पट्ट्यात हा नेहमीचा झगडा आहे. इथे महापालिकेचं पाणी पुरत नाही, बोअर आणि टँकरवर बिल्डिंगी चालतात, आणि बोअरचं पाणी जड. शॉवरच्या भोकांत पांढरा थर बसतो, नळाच्या मानेवर खडूसारखे डाग येतात, गिझरचं एलिमेंट जातं, फ्लशच्या टाकीतला व्हॉल्व्ह अडकून रात्रभर पाणी वाहतं. हे तुम्ही नीट वापरलं नाही म्हणून होत नाही, त्या पाण्याने होतं, शेजारच्या फ्लॅटचे फोटो काढून दाखवा, तिथेही तेच असणार. ट्रॉलीचंही बघा. सिंकखालची ट्रॉली ओढा, मागे टॉर्च मारा. चॅनलला गंज फक्त सिंकच्या बाजूला असेल आणि लाकूड खालून फुगलं असेल तर ते वेस्ट पाइपच्या जुन्या गळतीचं काम आहे. ती गळती तुम्ही मालकाला कळवली होती का? कळवल्याचा एखादा मेसेज सापडला तर ट्रॉलीचा विषय संपला. नाही सापडला तर अर्ध्यावर मिटवा, त्यासाठी कोर्टात जाण्यात अर्थ नाही.

चावी अडवून बसू नका. मित्रमंडळी हमखास सांगतात की डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडूच नको. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घ्यायची तरतूद आहे, म्हणजे ७५,००० साठी अडून बसलात आणि दोन-तीन महिने गेले तर उलट तुमच्याच अंगावर येईल. योग्य पद्धत अशी की नोटीस पिरियड ॲग्रीमेंटप्रमाणे लेखी द्या, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, लाइट बिल-गॅस-मेंटेनन्स भरून पावत्या ठेवा, रिकाम्या घराचा दारापासून गॅलरीपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा, नळ चालू करून, गिझरचा दिवा लागलेला दाखवून, आणि चावी देताना मालकाकडून एक ओळ लिहून घ्या की अमुक तारखेला ताबा मिळाला, डिपॉझिट इतकं देणं बाकी. ते लिहून देत नसतील तर तुम्हीच तसा मेसेज टाका आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

एवढं करूनही नाही दिलं तर वकिलाची नोटीस, पोलिसांत गेलात तर ते बहुतेक दिवाणी मामला म्हणून परत पाठवतील. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते त्यामुळे घाबरून आत्ताच्या आत्ता कमी पैशात सेटल व्हायची घाई नाही. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे दावा दाखल करण्याआधीच दोघांना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतात. मालकाला कोर्टाचा कागद आला की घरातली मुलं-सुना पण विचारतात काय प्रकार आहे, आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

इथे मालकांची बाजूही सांगतो, कारण पुण्यातले सगळे मालक लुटारू असं मला अजिबात वाटत नाही. बरेचसे रिटायर्ड लोक आहेत, पीएफच्या पैशातून लांब कुठेतरी दुसरा फ्लॅट घेतलेले, ते भाडं म्हणजे त्यांचं औषधपाणी. आणि त्यांच्या मनात भाडेकरू घर सोडणारच नाही ही जी भीती असते ती पेठांतून आलीय. १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याखाली सदाशिव, नारायण, शुक्रवारात वाड्यांमध्ये भाडी गोठली, खोलीला महिना वीस-पंचवीस रुपये भाडं घेऊन मालकाने कौलं कशी बदलायची, वाडे कुजले, पडले, केसेस पिढ्यान् पिढ्या चालल्या. लीव्ह अँड लायसन्समध्ये ते होत नाही, त्यात राहणाऱ्याला फक्त वापरायची परवानगी असते, ताब्याचा हक्क तयार होत नाही, आणि मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं. म्हणजे रजिस्टर करार मालकालाच जास्त वाचवतो. काकांना हे समजावणारा कोणी भेटलेला नसतो. बोलताना हे लक्षात ठेवा, काका-काकू म्हणूनच बोला, चहा घ्या, पण हिशोब लेखी मागा.

सोसायटीचं. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सहकारी सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेता येतो, पण सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, २००१ पासून हा नियम आहे आणि तो मालकाने भरायचा असतो. शिफ्टिंग चार्ज, बॅचलर चार्ज, लिफ्ट वापरायचा चार्ज, हे असे मनाला येतील ते आकडे लावता येत नाहीत. कोणत्या ठरावाने, कोणत्या उपविधीखाली घेताय ते लेखी द्या म्हणा आणि उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे मालकामार्फत तक्रार करता येते हेही कानावर घाला. फक्त एक बघा, तुमच्याकडे सोसायटी आहे का अपार्टमेंट असोसिएशन. पुण्यात बऱ्याच बिल्डिंगी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, तिथे हा १० टक्क्यांचा नियम थेट लागत नाही, डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे त्या बिल्डिंगीच्या नोंदवलेल्या मूळ दस्तात, काय आहे ते बघावं लागतं. टेम्पो गेटवर अडवणं मात्र कुठल्याच कागदात बसत नाही. अगदीच वेळ आली तर रक्कम ऑनलाइन भरा, रिमार्कमध्ये ‘निषेध नोंदवून’ असं लिहा आणि सामान हलवा, नंतर मागता येते.

फ्लॅट घ्यायचा का? या रागात घेऊ नका. समजा अंडर कन्स्ट्रक्शन ८० लाखांचा घेतलात. स्टॅम्प ड्युटी पुण्यात मेट्रोचा सेस धरून ७ टक्के, म्हणजे ५.६० लाख (फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६ टक्के), रजिस्ट्रेशन ३०,०००, जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख. हे दहा लाख भिंती सोडून झाले. वर स्वतःचे २० टक्के म्हणजे १६ लाख. मग ६४ लाखांच्या लोनला साडेआठ टक्क्याने वीस वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजार. तोच फ्लॅट भाड्याने बावीस हजाराच्या आसपास मिळत असेल तर वर्षाचं भाडं किमतीच्या सव्वातीन टक्के झालं. माझं स्पष्ट मत आहे की ज्याची नोकरी दोन वर्षांत धायरीहून वाकडला सरकते त्याने अजून थांबावं. ज्यांची मुलं शाळेत आहेत, आई-वडील सोबत राहणार आहेत, दहा वर्षं हलायचं नाही, त्यांनी जरूर घ्यावं, त्यांच्यासाठी हे गणित फक्त पैशाचं नसतं.

घेतलाच तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्ट उघडून पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढे गेलीय आणि केसेस किती आहेत हे वाचा. ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचा बिल्डरला अधिकार नाही, सेल्स ऑफिसमधली ताई कितीही ‘आज शेवटचा दिवस’ म्हणाली तरी. रिसेल असेल तर भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, हातात घेऊन बघा. धायरी २०१७ ला आलेल्या ११ गावांतली, नऱ्हे, सूस, वाघोली २०२१ च्या २३ गावांतली, तिथे पालिकेत यायच्या आधी उभ्या राहिलेल्या आणि गुंठेवारीतल्या, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या, बऱ्याच इमारती आहेत, स्वस्त दिसतात, लोन मिळत नाही आणि पाण्याची बोंब. मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात हे बिल्डरला नाही, वॉचमनला विचारा. आणि नदीजवळचं असेल तर पूररेषा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं, खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांचं फ्रिज, गाद्या, पोरांची पुस्तकं सगळं गेलं. भाड्याने घेतानासुद्धा हे बघाच.

आता वर्गणी आणि देणगी. मंडळाची वर्गणी ऐच्छिक असते, ती मेंटेनन्सला किंवा घर सोडायच्या परवानगीला जोडता येत नाही. सार्वजनिक उत्सवासाठी पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घ्यावी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ४१सी. छापील पावती आणि परवानगीचा नंबर मागा, जे मंडळ स्वच्छ आहे ते लगेच दाखवतं, आणि पुण्यात अशी मंडळं खूप आहेत. कोविडमध्ये डबे पोचवणारी, रक्तदान घेणारी पोरं याच मंडळांची होती, त्यांना मी मनापासून देतो आणि तुम्हीही द्यावं असं मला वाटतं. पण मंडळाचा आधारस्तंभ म्हणून ज्या भाऊंचा फोटो फ्लेक्सवर आहे त्यांच्या नावाने दमदाटी होत असेल तर ती वर्गणी नाही.

आणि निवडणुकीला उभं राहायला इच्छुक असलेल्या अशा भाऊंच्या समाजकार्याबद्दलही बोलायला पाहिजे, कारण तुमच्या सोसायटीत दिवाळीला साखर-रवा-मैद्याचं किट आलं, त्यांनी तीर्थयात्रेची बस काढली, म्हणून चेअरमन त्यांच्या मंडळासाठी अडून बसलेत असं तुम्हीच लिहिलंय. स्वतःच्या खिशातून कोणी गरजूला मदत केली तर त्याला नाव ठेवू नये. पण किट वाटून रस्ता होत नाही, ड्रेनेज होत नाही, टँकर थांबत नाही. शिवाय चौकातला बाक, बसस्टॉप, ओपन जिम यावर ‘सौजन्याने’ लिहिलेलं असतं त्यातलं बरंचसं महापालिकेच्या बजेटमधलं असतं, म्हणजे तुमच्या-माझ्या करातलं. भाडेकरूसुद्धा भाड्यातून तो कर भरतोच. शंका आली तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, कामाचं टेंडर, रक्कम, कोणत्या तरतुदीतून झालं, सगळं लेखी मिळतं. भाड्याने राहणाऱ्यांनी मतदार यादीत पत्ता बदलून घ्यावा असं मी प्रत्येकाला ॲग्रीमेंट देताना सांगतो, रजिस्टर करार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्यांची नावं गावाकडेच राहतात आणि मग त्यांच्या पाण्याचा प्रश्न प्रचारात कुणी घेतच नाही.

राहिला ऑफिसातला मित्र. राजकीय पक्षाला देणगी देऊन करात वजावट घ्यायची सोय कायद्यात आहे, कलम ८०जीजीसी म्हणून लोक ओळखतात ते. पैसे चेकने किंवा ऑनलाइनच पाहिजेत, कॅश चालत नाही, आणि ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर फायदा शून्य. तुमचा मित्र सांगतोय ते मात्र वेगळंच आहे: कुठल्यातरी नाव न ऐकलेल्या पक्षाला एक लाख पाठवायचे, ते कमिशन कापून उरलेले कॅश परत देणार, आणि रिटर्नमध्ये पूर्ण लाख दाखवायचे. ही सरळ बनवाबनवी आहे. आयकर खात्याने १४ जुलै २०२५ ला अशा बोगस वजावटी भरून देणाऱ्यांच्या दीडशे ठिकाणांवर एकाच वेळी कारवाई केली, पगारदारांना मेसेज आणि नोटिसा गेल्या, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत दंड, वर व्याज. पक्ष पळून जातो, एजंट फोन उचलत नाही, पॅन तुमचा असतो.

एखाद्या पक्षाचं काम खरंच पटत असेल तर उघडपणे द्या, पक्षाच्या खात्यात, पक्षाच्या पॅनची पावती घेऊन. समाजासाठी द्यायचं असेल तर ८०जी असलेल्या, म्हणजे देणगीवर करवजावट मिळते अशा, संस्थेला द्या, तिथे २,००० च्या वरची कॅश वजावटीला चालत नाही आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र, फॉर्म १०बीई, घ्यावं लागतं. आणि मित्राने मागच्या वर्षी हे करून ठेवलं असेल, तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटतंय, तर त्याला सांगा नोटिशीची वाट बघू नको. मुदत असेल तर रिवाइज्ड रिटर्न, ती गेली असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतो, जितका उशीर तितका जादा कर लागतो, पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०. या आठवड्यातच त्याला चांगल्या सीएकडे पाठवा, आणि ज्याने मागचा रिटर्न भरून दिला त्याच्याकडे परत नको.